तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही

टक्.

मागच्या अंगणात सुपारी फुटावी तसा आवाज झाला आणि पुन्हा सगळं गप्प झालं. उमरग्यात त्या दुष्काळाच्या साली सकाळ संपायच्या आत दुपार व्हायची आणि कावळासुद्धा ओरडायचं तर दोनदा विचार करून ओरडे. त्यामुळे एवढासा आवाजही नागूबाईंना चुलीपाशी ऐकू आला.

"आज्जी, काय वाजलं?" जाईनं विचारलं.

"पाल असंल," म्हणून नागूबाईंनी भाकरी उलटली.

पाल नव्हती. त्यांनीच जरा आधी वाळत घातलेल्या गोधडीनं केलेला आवाज होता तो. त्या दिवसांत अख्ख्या गल्लीत ओली म्हणावी अशी एकच वस्तू रोज सकाळी सापडायची, ती म्हणजे पाच वर्षांच्या जाईची गोधडी. एरवी ती नुसती उन्हात पडायची. पण आज वासानं नागूबाईंचा धीर सुटला आणि भांडी विसळून, हात धुऊन, पुन्हा भांडी विसळून उरलेलं पाणी त्यांनी तिच्यावर ओतलं. चार जुनी लुगडी एकावर एक शिवलेली ती गोधडी. पाणी पिऊन म्हशीच्या रेडकाएवढी जड झाली. वाळत घालायची दोरी तर कधीच गेली होती. विहिरी खोल गेल्यापासून गल्लीतली प्रत्येक दोरी पोहऱ्याच्या दोराला जोडली गेली होती. पण देवाच्या दयेनं अंगणावरून एक नवीकोरी, काळी, ताठ तार गेलेली होती.

ती तार संघाची होती.

तालुक्यातल्या कोरड्या गावांना टँकर पाठवायचं काम ज्या सहकारी संघाकडे होतं, त्याचे अध्यक्ष कल्याणप्पा. शेजारच्या तालुक्यातल्या कुणा संघानं एक कॉम्प्युटर आणला हे ऐकून कल्याणप्पांनी तीन आणले. एक कचेरीत, एक टँकरच्या शेडवर, एक चारा डेपोत. तिन्हीकडे एकेक टँकर उभा. ही तिन्ही मशीनं एका तारेनं जोडून द्यायला हैदराबादहून व्यंकट नावाचा एक किडकिडीत, घाबरट इंजिनियर आला होता. या जोडणीला तो क्लस्टर म्हणायचा. संघात सगळे तिला तिकडी म्हणत. तिन्ही वायरी जिथे एकत्र येत ती डबी संघाच्या भिंतीवर बसवायची होती, पण भिंतीला भोक पाडायचा ठराव अजून झालेला नव्हता. म्हणून ती तात्पुरती मागच्या गल्लीत, शिवकांताच्या घराच्या भिंतीवर बसवली होती.

शिवकांता ही नागूबाईंची सून, जाईची आई आणि कचेरीतल्या मशीनची ऑपरेटर. लग्नाआधी केलेली टायपिंगची परीक्षा अशी कामाला आली होती. त्याआधी ती रोजगार हमीवर खडी फोडत होती. तिथे जाईला बाभळीखाली निजवावं लागे आणि बाभळीची सावली सरकली की हातातला हातोडा टाकून जाईलाही सरकवावं लागे. आता पंख्याखाली खुर्ची होती आणि मागच्या खिडकीतून हाक मारली तर ऐकू येईल एवढ्यावर घर होतं. जाई अंगणातून सारखी हाक मारी, "आई," आणि खिडकीतून उत्तर येई, "ओ." काम काही नसे. ओ आली की जाई पुन्हा खेळायला लागे.

पण खुर्ची अजून पक्की झाली नव्हती. पहिल्याच दिवशी कल्याणप्पांनी तिन्ही ऑपरेटरांना उभं करून सांगितलं होतं, "दुष्काळ हाय. एक खेप चुकली, की खुर्ची गेली." त्या दिवसापासून शिवकांता खुर्चीवर बसायची ती अर्धीच, उरलेली अर्धी आपली नाहीच असं समजून.

तिकडी कशी चालते ते व्यंकटनं समजावून सांगितलं होतं. तिन्ही मशीनकडे सगळ्या गावांची तीच माहिती: कुणाचा नंबर, कुठे टँकर गेला, कुठे जायचा. एका मशीननं एखादं गाव घेतलं की ते तारेवरून बाकीच्या दोघांना कळवतं, मग ते दोघं त्या गावाला हात लावत नाहीत. आणि काम नसलं तरी तिघं एकमेकांना सारखी हाक देत राहतात. एकाची हाक बंद पडली की बाकीच्या दोघांनी समजायचं, हे गेलं. आणि त्याचं राहिलेलं काम उचलायचं. म्हणजे मशीन बंद पडलं तरी गावाचं पाणी बंद पडत नाही. हे तो सांगत असतानाच खिडकीबाहेरून हाक आली, "आई," आणि शिवकांताच्या तोंडून सवयीनं "ओ" गेली. व्यंकटला एवढा आनंद झाला की त्यानं खडू खाली ठेवला. म्हणाला, "बस, हेच आहे. पोरीनं माझं अर्धं लेक्चर वाचवलं."

घोळ झाला तो पुढच्या नियमावर. व्यंकट म्हणाला, एखाद्या मशीनला बाकी दोन्ही मशीनची हाक येईनाशी झाली, तर त्यानं काही न करता गप्प बसायचं. कारण ते दोघं गेले, का मधली तार तुटली, हे त्याला कळायला मार्ग नाही. तिघांतले निदान दोघं एकमेकांना दिसले तरच काम.

"म्हणजे गणपूर्ती," कल्याणप्पा म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला. त्या मशीनमधली ही पहिली गोष्ट त्यांच्या ओळखीची निघाली होती. "आनि गणपूर्ती न्हाय झाली तर आमी काय करतो? धुळाप्पा, सांग सायबाला."

धुळाप्पा शिपाई दारातून, तंबाखू न थुंकता म्हणाला, "सभा अर्धा तास तहकूब. मंग त्याच जागी परत भरवायची. तहकूब सभेला गणपूर्ती लागत न्हाय."

हा सहकाराचा नियमच होता आणि संघाचे बहुतेक ठराव याच वाटेनं पास झाले होते. संचालक यायचे ते चहाच्या वेळेला. तोवर रिकाम्या खुर्च्यांसमोर अर्धा तास बसून कल्याणप्पांनी गावागावांत पाण्याच्या टाक्या, गोदामं आणि स्वतःचा सत्कार मंजूर करून घेतला होता. मशीननंही असंच करावं, अर्धा तास वाट बघावी आणि मग एकट्यानं कारभार चालवावा, असं त्यांचं म्हणणं पडलं.

व्यंकटला घाम फुटला. "साहेब, माणसांचं ठीक आहे. खुर्ची खाली आहे का भरलेली, डोळ्यांना दिसतं. मशीनला दिसत नाही. तिघंही एकटे पडले तर तिघंही सभा भरवतील."

"तुमी हैदराबादचे," कल्याणप्पा शांतपणे म्हणाले. "सहकार तुमाला कळायचा न्हाय. एकटा पडला म्हणून गप बसला असता, तर हा कल्याणप्पा अध्यक्ष झाला असता व्हय?"

व्यंकटनं प्रोग्राम बदलून दिला. पण त्यानंतर त्याला झोप लागेना, म्हणून आज पहाटेच्याच एस.टी.नं तो तुळजापूरला गेला होता, तिकडीला सांभाळ म्हणून देवीला सांगायला. आणि नेमकी आजच गोधडीनं तार ओढली, तारेनं डबी ओढली, आणि डबीतून तिन्ही वायरी एकदम निसटल्या.

टक्.

कचेरीत शिवकांताच्या समोर पडद्यावर दोन ओळी उमटल्या. शेड गप्प. डेपो गप्प.

ती पडद्याकडे बघत राहिली, जणू बघत राहिलं की ते मशीन लाजून ओळी मागे घेईल. फोन करावा तर फोनला कुलूप होतं आणि त्याची किल्ली जानव्यासारखी कायम कल्याणप्पांच्या अंगावर असे. "धुळाप्पामामा, शेडवरचा बंडप्पा ठीक हाय का, काय कळलं का?" तिनं विचारलं. धुळाप्पा म्हणाला की सकाळी तरी ठीक होता, पण सकाळचं काय सांगावं, ऊन फार आहे.

मशीननं अर्धा तास तहकुबी पाळली. मग विचारलं, पळसवाडीचा नंबर आहे, टँकर पाठवू?

बोट बटणाच्या वर थांबलं. बंडप्पानं किंवा डेपोतल्या तारामतीनं आधीच पाठवला असेल तर? आणि नसेल पाठवला, आणि आपणही नाही पाठवला तर? दोन्हीकडून खुर्चीच जात होती. शेवटी तिनं मधला मार्ग काढला: बटण न दाबता चपला घातल्या. "मी शेडवर जाऊन बघून येते," ती धुळाप्पाला म्हणाली, "मशीनला कुणाला हात लावू देऊ नका."

धुळाप्पानं मान हलवली. मशीनचा आणि त्याचा संबंध एवढाच होता की त्यातून पावती आली की ती नेऊन टँकरच्या ड्रायव्हरला द्यायची.

आता शेडवर काय चाललं होतं ते सांगायला पाहिजे. बंडप्पा हा आधी एस.टी.त कंडक्टर असलेला गडी, घंटी दोनदा मारली की गाडी निघाली, एवढंच त्याला ठाऊक. मशीननं विचारलं, त्यानं बटण दाबलं, टँकर पळसवाडीला गेला. टँकर गेल्यावर मग त्याला भीती वाटली. कचेरी गप्प, डेपो गप्प; आपण एकटेच उरलो म्हणजे पुढे जे काय होईल ते आपल्याच नावावर. त्यानं शेडला कुलूप लावलं आणि डेपोवर तारामतीला बघायला निघाला.

डेपोत तारामतीनं देवाचं नाव घेऊन बटण दाबलं होतं. तिचाही टँकर पळसवाडीला गेला. मग त्या खोलीत, कडब्याच्या गंज्यांमध्ये, दोन मेलेल्या मशीनची बातमी सांगणाऱ्या तिसऱ्या मशीनबरोबर एकटं बसणं तिला सोसेना. तीही कुलूप लावून कचेरीकडे निघाली, हायवेवरून. शिवकांता त्याच वेळी मागच्या गल्लीनं शेडकडे चालली होती. मध्ये फक्त एक घरांची रांग आणि उभे असलेले ट्रक. दोघी एकमेकींच्या बाजूनं निघून गेल्या.

शिवकांता शेडवर पोचली तर कुलूप. डेपोवर गेली तर तिथेही कुलूप. बंडप्पा तिच्या आधीच तिथलं कुलूप बघून कचेरीकडे पळाला होता. तारामतीनं कचेरीच्या दारातून आत पाहिलं तर पंखा चालू, खुर्ची रिकामी, धुळाप्पाही तंबाखू थुंकायला गेलेला. ती उलट्या पावली शेडकडे धावली. मशीननं प्रत्येकाला सांगितलं होतं की बाकीचे दोघं नाहीत, आणि प्रत्येकानं स्वतःच्या डोळ्यांनी जाऊन खात्री करून घेतली होती की खरंच नाहीत.

डेपोच्या कुलपासमोर उभ्या शिवकांताला एकाएकी सगळं कळलं. काढून टाकलं. दोघांनाही काढून टाकलं. अध्यक्षांनी सकाळीच किल्ल्या काढून घेतल्या असणार, आणि आता ते तिसऱ्या खुर्चीकडे निघाले असणार. आणि ती खुर्ची या घटकेला रिकामी होती. पायातली चप्पल तुटली ती तिथेच टाकून शिवकांता तापल्या डांबरावरून पळत सुटली. तळवे भाजत होते, पण तिच्या डोळ्यांसमोर खडीचा ढीग होता आणि बाभळीखालून सरकलेली सावली होती.

कचेरीत खुर्ची रिकामी नव्हती. खुर्चीत जाई बसली होती. पाय जमिनीपासून हातभर वर, पाठ ताठ, आणि एक बोट बटणावर.

"जाई!"

"तू ओ दिली न्हाईस," जाई म्हणाली. आवाजात तक्रार नव्हती, झालेली गोष्ट सांगावी तसं ती सांगत होती. "म्या लई येळ हाका मारल्या. येक डाव मारली, मंग थांबले, मंग परत मारली. तू ओ दिलीच न्हाईस. मंग म्या आले. तू नव्हतीस. मंग म्या तुजं काम केलं."

त्याच वेळी धुळाप्पा पुढच्या दारातून घाम पुसत आत आला. "पावती दिली बघा ड्रायव्हरला. गेला बी टँकर. पळसवाडी."

शिवकांता भिंतीला टेकली. मग तिच्या ध्यानात एक गोष्ट आली: माणसांना काढून टाकलं तरी मशीनची हाक बंद व्हायचं कारण नाही. कुलूपबंद खोलीतही मशीन हाक देतच राहणार. म्हणजे मधेच काहीतरी झालं असणार. तिनं जाईला कडेवर घेतलं, बाहेरून मागच्या खिडकीपाशी आली आणि वर बघत तारेच्या मागोमाग चालू लागली. पहिला खांब. लिंबाचं झाड. दुसरा खांब. मग तार वळली आणि तिच्या ओळखीच्या गल्लीत शिरली. ओळखीच्या कौलावरून गेली. कुठेच तुटलेली नव्हती; आता राहिली ती भिंतीवरची डबी. तार तिच्याच अंगणात उतरत होती, आणि जिथे ती सगळ्यात खाली वाकली होती तिथे, चार लुगड्यांच्या वजनानं, ठिबकत, जाईची गोधडी लटकत होती.

"तार लई झ्याक हाय गं," नागूबाई ओसरीवरून म्हणाल्या. "जरा बी ढळत न्हाय."

भिंतीवरची डबी जबडा निखळल्यासारखी लोंबत होती. शिवकांतानं गोधडी ओढून खाली टाकली, डबी वर दाबली, वायरी एकेक करून जागी बसवल्या. शेवटची वायर बसते तोच मागच्या फाटकातून कुणीतरी आत आलं. बंडप्पा आणि तारामती. दोघं चौकात एकमेकांवर आदळले होते आणि तेही तारेच्या मागोमाग आले होते. तिघं अंगणात उभे राहून एकमेकांकडे बघत राहिले. तारामतीनं तर हळूच बोटानं शिवकांताच्या दंडाला लावून पाहिलं.

"तुला काढलं न्हाय?" बंडप्पा म्हणाला.

"तुम्हालाच काढलं म्हणून..." शिवकांता म्हणाली, आणि मग तिच्या जिवात जीव यायच्या आतच परत गेला. "टँकर कुणी पाठवला?"

"म्या धाडला की. पळसवाडीला."

"म्या बी," तारामती म्हणाली. "पळसवाडीलाच."

दोघांनी शिवकांताकडे पाहिलं.

"आनि म्या येक," जाई म्हणाली.

तिन्ही टँकर एका गावाला गेले होते. म्हणजे आज बाकी कुठल्याच गावाला पाणी जाणार नव्हतं. आणि यादीत दुसरा नंबर कसबेवाडीचा होता. कसबेवाडी हे कल्याणप्पांचं गाव.

ते यायला दोन तास लागले आणि तोवर तिघांपैकी कुणाला अंगणातून हलायचा धीर झाला नाही. कसबेवाडीचा एक माणूस कोरड्या हंड्यासकट सायकलवर येऊन आधी कचेरीत, मग अध्यक्षांच्या घरी ओरडून गेला होता. धुळाप्पानं बोट दाखवलेल्या दिशेनं कल्याणप्पा गल्लीत शिरले. मागे सायकलवाला, त्याच्या मागे धुळाप्पा आणि दुसरं काही काम नसलेली अर्धी गल्ली. ते अंगणात उभे राहिले. डबीकडे पाहिलं, तारेकडे पाहिलं, खालच्या चिखलाकडे पाहिलं. सबंध तालुक्यात चिखल फक्त तिथेच होता.

"ही गोधडी कुणाची?"

नागूबाई पदर तोंडाला लावून भिंतीकडे सरकल्या.

"माजी," जाई म्हणाली.

कल्याणप्पांनी तिच्याकडे पाहिलं आणि मग तिला कडेवर घेतलेल्या बाईकडे. "म्या पयल्या दिवशी काय म्हणलो होतो, शिवकांता?"

"एक खेप चुकली, की खुर्ची गेली," शिवकांता म्हणाली. जाईचा हात तिनं एवढा घट्ट धरला होता की जाईनं तो हळूच सोडवून घेतला.

नेमका तेव्हा व्यंकट फाटकातून आत आला. कपाळाला मळवट, हातात पेढ्यांचा पुडा, चेहरा मोकळा. दोन पावलं आल्यावर त्यानं डबी पाहिली, गोधडी पाहिली, माणसं पाहिली आणि पुडा छातीशी धरून थांबला. मग जन्मभर पुरेल एवढं धैर्य एकवटून म्हणाला, "साहेब, एकटं पडल्यावर मशीन गप्प बसलं असतं, तर एकपण टँकर गेला नसता. तासभर उशीर झाला असता, बस." कल्याणप्पांनी त्याच्याकडे पाहिलं. व्यंकटनं पुड्यातला एक पेढा काढून स्वतःच खाऊन टाकला.

यापुढे काय झालं असतं ते शिवकांताला अगदी स्पष्ट दिसत होतं. पण हायवेकडून टँकरचा हॉर्न वाजला. एकदा नाही, लांबच लांब, वरातीतल्यासारखा. टँकर गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबला आणि केबिनमधून, ड्रायव्हरच्या खांद्याला धरून, एक म्हातारी उतरली. न्हालेली होती. केस ओले होते. त्या साली ओल्या केसांची बाई म्हणजे बघायची गोष्ट होती. गल्ली आपोआप बाजूला झाली.

ती पळसवाडीची हरणाबाई. गावानं तिला बोलणी करायला पाठवलं होतं.

पळसवाडीला महिनाभर सांगितलेल्या दिवशी एकदाही टँकर आला नव्हता. आज माळावर धूळ उठली आणि एकामागून एक तीन दिसले. पारावरच्या म्हाताऱ्यांनी तिथेच ओळखलं की यात काहीतरी काळंबेरं आहे. एक टँकर म्हणजे पाणी. तीन टँकर म्हणजे सरकारला काहीतरी पाहिजे. मागे एकदा अशाच सरकारी गाड्या रांगेनं आल्या होत्या आणि गड्यांना बसवून नसबंदीला घेऊन गेल्या होत्या, ते गाव अजून विसरलं नव्हतं. दुसरा टँकर वेशीत शिरेपर्यंत गावात धोतर म्हणून उरलं नाही. सगळे गडी ओढ्याच्या कपारीत जाऊन बसले, सरपंचासकट. बायका मागे राहिल्या आणि बायकांनी रांजण भरले, हंडे भरले, पातेली भरली, शाळेतला पिंप भरला, एका पत्र्याच्या पाळण्यातलं पोर उचलून पाळणाही भरला. मग उरलेल्या पाण्यानं पोरं न्हाली आणि पोरांच्या मागे आयाही न्हाल्या. ओढ्यातून गडी हाका मारून विचारत होते की कुणाकुणाला नेलं. बायकांना पाण्याच्या आवाजात ऐकू येत नव्हतं.

हे सगळं हरणाबाईनं कल्याणप्पांच्या समोर उभं राहून सांगितलं आणि शेवटी हात जोडले.

"अध्यक्षसायेब, गडी न्यायचं असलं तर न्या. ओढ्यात हायेत, म्या सोता जागा दावते. पन टँकर तीनच धाडत जावा."

गल्लीत आधी एक बाई हसली, मग सगळ्याच. हरणाबाई मात्र हसली नाही. ती पुढे झाली, कल्याणप्पांच्या तोंडावरून दोन्ही हात फिरवले आणि स्वतःच्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली.

कल्याणप्पांच्या चेहऱ्यावर त्या बोटांच्या आवाजाबरोबर एकेक बदल होत गेला. संघाची निवडणूक दिवाळीनंतर होती. त्यांनी गळ्यातला पंचा नीट केला.

"मावशी, गडी कशाला न्यायचे," ते म्हणाले. "ही आमची नवी योजना हाय. ज्या गावाचं लई दिस राह्यलं, त्याला येकदम भरून काढायचं. म्हणून तर मशीनं आणली. तीन-तीन."

"मंग आमच्या कसबेवाडीची खेप?" सायकलवाला मागून म्हणाला.

कल्याणप्पा त्याच्याकडे वळले आणि गल्लीच्या शेवटच्या घरापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "घरच्यांचं सगळ्यात शेवटी. कल्याणप्पाचा नियम हाय त्यो."

हा नियम कसबेवाडीकरांनी आजच ऐकला. सायकलवाला रिकामा हंडा वाजवत निघून गेला.

सगळे पांगायला लागले तेव्हा शिवकांता अजून तिथेच उभी होती. तिचं काय, हे कुणी बोललं नव्हतं, आणि तिला विचारायचा धीर नव्हता. कल्याणप्पा फाटकापाशी थांबले. गोधडीकडे एकदा बघितलं. मग म्हणाले, "ह्या बाईचा इषय तहकूब."

मागून धुळाप्पा, तोंडाच्या सवयीनं, म्हणाला, "तहकूब सभेला गणपूर्ती लागत न्हाय."

शिवकांता परत जाऊन खुर्चीवर बसली. अर्धीच. पडद्यावर ओळी आल्या होत्या: शेड हजर, डेपो हजर. तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत अर्धा तास काढला. दारातून कुणी आलं नाही. मग पुढचा अर्धा तास काढला. संध्याकाळी फक्त व्यंकट आला, दोन पेढे टेबलावर ठेवले, मशीनपुढे बसून काहीतरी बदललं आणि दाराकडे बघत कुजबुजला की त्यानं तहकूब सभा काढून टाकली आहे. एकटं पडलेलं मशीन आता गप्प बसेल. अध्यक्षांना सांगू नका.

"आणि माझा विषय?" शिवकांतानं विचारलं.

"तो माझ्या प्रोग्राममध्ये नाही, मॅडम," व्यंकट म्हणाला.

ती घरी आली तेव्हा दिवे लागायचे होते. गोधडी कुंपणाच्या काट्यांवर पसरलेली होती, वाळून पत्र्यासारखी कडक. नागूबाईंनी सुनेच्या ताटात न मागता गरम भाकरी वाढली आणि तारेबद्दल अवाक्षर काढलं नाही. जेवण झाल्यावर शिवकांतानं भाजलेल्या तळव्यांना तेल लावलं आणि जाईला पुढ्यात घेतलं. जाईच्या केसांना कचेरीचा, शाईच्या फितीचा वास येत होता.

"हे बघ," ती म्हणाली, "पुन्हा कधी तू हाक मारली आणि मी ओ दिली नाही, तर माझं काम करायचं नाही. काही करायचं नाही. आज्जीपाशी गप्प बसून राहायचं. कळलं?"

"कवर बसायचं?"

"मी ओ देईपर्यंत."

जाईनं पेढ्याचा कण बोटावरून चाटून घेतला. मग आईच्या तोंडाकडे मान वर करून विचारलं,

"पन आई, तू ओ देत न्हाईस, ती कामात हायस म्हणून, का तू न्हाईसच म्हणून, हे गप बसल्या बसल्या मला कसं कळायचं?"